विमल मेजाजवळ आली नाही

मी मस्कतला निघाले त्या दुपारी अंबरनाथच्या आमच्या दोन खोल्यांत पन्नासेक माणसं मावली होती. कशी मावली, देव जाणे. चपला जिन्यापर्यंत गेल्या होत्या. पाळकसाहेबांनी प्रवासाला निघणाऱ्यासाठी वाचतात ते स्तोत्र वाचलं, भगिनी मंडळाच्या बायकांनी गाणं म्हटलं, म्हाताऱ्या शांताबाईंनी डोक्यावर हात ठेवून इतकी लांब प्रार्थना केली की खालून जीपवाल्याने दोनदा हॉर्न मारला. सगळे रडत होते. मीही रडत होते, पण माझी नजर दारावर होती. अख्खी मंडळी आली होती. मंडळी म्हणजे आमच्या चर्चचे सगळे लोक, आम्ही तसंच म्हणतो. एकटी विमल आली नव्हती, आणि ती राहायची आमच्या भिंतीपलीकडे.

"एस्तर, ऊठ बाई, विमान तुझ्यासाठी थांबायचं नाही," माझे वडील, अण्णा, म्हणाले. मी उठले. खाली उतरताना विमलच्या दारावरून गेले, तर आतून कुकरची शिट्टी ऐकू आली. म्हणजे ती घरातच होती.

मंडळी, तुम्हाला मी सांगत आले की पगारासाठी गेले. नर्सला तिकडे पगार चांगला, धाकट्या भावाचं कॉलेज व्हायचं होतं, बदलापूरला फ्लॅट घ्यायचा होता. त्यातलं काही खोटं नव्हतं. पण मी खरी पळाले ती विमलपासून. एवढं लिहायला मला सात वर्षं लागली, घ्या!

अण्णा नगरकडच्या खेड्यातून कारखान्यात नोकरीला आले तेव्हा अंबरनाथला आमची म्हणावी अशी चारच घरं होती. "आपल्याला इथे दुसरं कोण आहे? एकमेकांना धरून राहायचं," हे त्यांचं पालुपद. आणि राहायचो आम्ही धरून. कोणी दवाखान्यात पडलं की डबा कोण नेणार हे ठरवावंही लागायचं नाही. दर बुधवारी संध्याकाळी एकेकाच्या घरी प्रार्थनासभा. आधी विनंत्या विचारायच्या: कोणाचे गुडघे, कोणाची परीक्षा, कोणाच्या नवऱ्याची दारू. मग डोळे मिटून एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. उल्हासनगरहून पापड घेऊन येणारी सिंधी काकी एकदा दारात उभी राहून हे ऐकत होती. नंतर मला म्हणाली, "बेटी, तुम लोग घर की बात सबके सामने बोल देते हो? डर नहीं लगता?" आम्ही सगळ्या हसलो. आम्हाला त्याचाच तर तोरा होता.

मला शिवाय माझ्या प्रार्थनेचा तोरा. कबूलच करते. मी प्रार्थना करू लागले की बायकांच्या नाकाला पदर लागायचे. "एस्तरने करावी," असं कोणी म्हणालं की मी "अहो, नको नको" करायची आणि मनातून कधी सुरू करते असं व्हायचं.

विमल माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, पण आमचं 'अगं-तुगं' होतं. तिची रूथ एकोणीस वर्षांची, गोड पोरगी. वांगणीच्या एका ख्रिस्ती घरात तिचं लग्न ठरलं होतं. अशात एका दुपारी विमलने भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. गेले तर रूथ ओट्याखाली पडलेली, तोंडाला फेस. फिट आली होती. मीच तिला उल्हासनगरच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. परतताना रिक्षात विमल म्हणाली, "मुलाकडच्यांना मी स्वतः सांगणार आहे गं. लपवायचं नाही. फक्त मला जरा बळ येऊ दे." वचनबिचन तिने घेतलं नाही. माझ्याकडे कशाला मागेल ती वचन!

पुढच्याच बुधवारी सभा आमच्याकडे होती. विनंत्या विचारल्या तेव्हा विमल गप्प राहिली. माझी पाळी आली. मी रंगात आले, आणि रंगात येऊन बोलले, "प्रभू, आमच्या रूथला या फिटच्या आजारातून सोडव. लग्नाआधी तिला पूर्ण बरी कर." शेजारी विमलचा श्वास अडकला तो मला कळला. त्याच्या जरा आधी दाराची कडी वाजली होती. प्रार्थना चालू असताना कोणी उशिरा आलं तर आम्ही डोळे उघडत नाही, पद्धतच तशी आहे. आमेन म्हणून डोळे उघडले तर दाराशी मुलाची मावशी उभी. वांगणीहून शालूचा रंग दाखवायला आली होती.

आठवड्याच्या आत लग्न मोडलं. आजारापेक्षा लपवल्याचा राग आहे, असा निरोप आला.

मी कडी ऐकलीच नाही, असं सगळ्यांना सांगितलं. ऐकली होती, मंडळी. कोण आलं ते माहीत नव्हतं, देवासमक्ष सांगते. पण थांबावं असं वाटलं होतं, आणि थांबले नाही, कारण मागे शांताबाई हुंदके देत होत्या आणि मला ते बरं वाटत होतं. मी देवाशी बोलत होते की तुमच्याशी? हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

विमल भांडली असती तर सुटले असते. ती भांडली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. कोणाशी मन मोडलं असेल तर आधी समेट करायचा, मगच पुढे मेजाजवळ जाऊन भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा. मी विमलची माफी मागितली, पाळकसाहेबांनाही मध्ये घातलं. ती एवढंच म्हणाली, "अजून नाही जमत. खोटं कसं सांगू?" आणि पहिल्या रविवारी ती बाकावर बसून राहिली. सगळी मंडळी रांगेने पुढे गेली, मीसुद्धा गेले. नवीन लोक तिच्याकडे वळून बघायचे, हिनं काय पाप केलंय म्हणून. असं दोन वर्षं चाललं. मी भाकर घेऊन परत यायची तेव्हा तिच्या गुडघ्यांना लागून जावं लागायचं, ती पाय बाजूला घ्यायची. मग मस्कतची जाहिरात आली आणि मी अर्ज केला.

इथे शुक्रवारी उपासना होते. आम्ही दहा-बारा मराठी घरं मस्कतच्या रूवी भागात एकाच्या फ्लॅटवर जमतो, एसीची घरघर, मेणकापडावर बिर्याणी. "सिस्टर, आज तुम्ही प्रार्थना करा," म्हणतात. मी म्हणते, ड्युटीवरून आलेय, घसा बसलाय. सात वर्षं माझा घसा बसलेलाच आहे. लोक मला नम्र समजतात, याला काय म्हणावं! डोळे मिटले की कडी वाजते. इथल्या दारांना कडी नाही, लॅच आहे, तरी वाजते. मी दचकून डोळे उघडते आणि सगळ्यांचे मिटलेले डोळे बघत बसते.

परवाच्या सुट्टीत धीर करून विमलकडे गेले. ती आता बदलापूरला कात्रपमध्ये राहते. तिने दार उघडलं आणि "ये गं एस्तर" म्हणून मला मिठी मारली. मी तिथेच रडायला लागले. तिने पाणी दिलं. म्हणाली, "अगं, गेल्या ईस्टरला मी मेजाजवळ गेले. तुला माफ केलं म्हणून गेले. मनात काही नाही आता." खरं बोलत होती, विमल खोटं बोलत नाही. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला असं वाटलं.

मग मी विचारलं, "रूथ कशी आहे?"

"बरी आहे," ती म्हणाली.

टीपॉयवर दवाखान्याचा लिफाफा होता. बोलता बोलता तिने त्यावर पेपर सरकवला. अगदी सहज, पाहुणे आल्यावर पसारा आवरतो तसा. पुन्हा पोहे वाढले. निघताना प्रार्थना केली तिनेच: माझा प्रवास, माझी तब्येत, अण्णांचा मोतीबिंदू, सगळं आठवणीने घेतलं. स्वतःच्या घराबद्दल अवाक्षर नाही. मी आमेन म्हटलं.

तुम्ही पत्रांत विचारता, कायमची घरी कधी येतेस? फ्लॅट घेऊन झालाय, अण्णा वाट बघतात, येईनच. पण मी घरी आले असं मला वाटेल ते त्या दिवशी, ज्या दिवशी विमल मला स्वयंपाकघरात ओढून नेईल आणि हळूच म्हणेल, "एस्तर, कोणाला सांगू नकोस हं."