घरात तान्हं बाळ आहे का?

मेडिकलच्या काउंटरमागे वीस वर्षं उभं राहिलं की किस्से शोधावे लागत नाहीत, रिकाम्या खोक्यांसारखे साठत जातात. रत्नागिरीतल्या माझ्या दुकानात ओठावरच्या पुळ्यांचं क्रीम मागणारे बहुतेक तोंडावर रुमाल धरूनच येतात. मोठ्यांचा ओठ आठ-दहा दिवसांत बरा होतो. तीच लागण तान्ह्या बाळाला झाली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून मी प्रत्येकाला बाळाचं विचारते.

* * *

कॉलेजातले एक सर ओठाला चुना फासून आले. "ताप बाहेर पडतोय, पडू दे म्हटलं." ओठ चुरचुरू लागताच क्रीम लावायचं असतं, हे समजावून मी बाळाचं विचारलं. सर लाजले. "मॅडम, आधी मुलगी तरी बघा."

* * *

एका आंबा बागायतदारांना काढणीच्या उन्हात हमखास पुळ्या उठतात. "क्रीम लावलंय. आता नातीची पापी घेतली तर चालेल ना गो?"

"खपली पडून ओठ बरा होईपर्यंत नाही."

"मग तिलाच थोडं लावून ठेवतो."

मी त्यांच्यासमोरच सुनेला फोन लावला.

* * *

एक बाई बारशाला निघाल्या होत्या. पुळीवर गडद लिपस्टिक. "झाकलंय की!" म्हणाल्या आणि माझं ऐकता ऐकताच रिक्षात बसल्या. आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही. पुढच्या सोमवारी त्या केसांचा रंग घ्यायला आल्या. धीर करून विचारलं, "बाळ बरं आहे ना?"

"कुठलं बाळ? मी तर नुसती जेवून आले."

* * *

जयगडचे हसनचाचा जन्मभर बोटीवर होते. मुलीला मुलगा झाला त्या दुपारी दुकानात आले, ओठाच्या कोपऱ्यात पाणी भरलेल्या पुळ्या. त्यांच्या घरात बाळ जन्मलं की वडीलधाऱ्याने खजूर चावून बाळाच्या तोंडात किंचित चोळायचा. खिशातली पुडी दाखवत म्हणाले, "चार वाजता हॉस्पिटलात जायचंय. तोवर जाईल ना हे?"

मी घाबरून काउंटरबाहेर आले. "चाचा, क्रीमने लागण थांबत नाही. बाळाजवळ जाऊ नका."

ते बाकावर बसले.

"माझी पहिली मुलगी. खजूर मीच दिला होता. दोन हप्त्यांत गेली. ताप, झटके. डॉक्टरला पण समजलं नाही." मग माझ्याकडे बघितलं. "तेव्हा माझ्या ओठावर काय होतं का, आठवत नाही, बेटी. तुला काय वाटतं?"

"काही नसेल, चाचा."

त्यांनी पुडी माझ्या हातात दिली, रुमाल तोंडाला बांधला आणि हॉस्पिटलच्या उलट दिशेने चालू लागले.