‘पण’च्या अलीकडचे वकीलकाका

मुलींनी चौथीनंतर शाळेत जाऊ नये, हे सोलापुरात माझ्याइतकं पटवून कुणीही सांगितलेलं नाही. वेडेपणा असा, की मला सांगायचं होतं नेमकं उलटं. त्यातला अर्धा वाटा माझ्या मूर्खपणाचा आणि अर्धा आमच्या शेजारच्या वकीलकाकांचा. त्यांच्याइतका हुशार आणि त्यांच्याइतका हरणारा वकील अवघ्या जिल्ह्यात नव्हता.

काकांचं तत्त्व एकच. आधी समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडायची, मग ‘पण’ म्हणून ती उलथवायची. पहिला भाग ते इतका रंगून मांडत, की ‘पण’ येण्याआधीच न्यायाधीशांचं मत होऊन जाई. बांधाच्या भांडणात हरलेला मोडनिंबचा एक शेतकरी ओट्यावर बसून म्हणाला होता, “वकीलसाहेब, लई ग्वाड बोललात. आता मलाच वाटाया लागलंय, बांध मीच सरकवला की काय!” काकांनी काकूंना सांगून त्याला भाकरी-शेंगाचटणी वाढली आणि जेवताजेवता त्याची हरलेली बाजू त्यालाच नव्यानं समजावली. भाषणाची तालीम ते परसात करत. उपड्या घंगाळावर आपली पगडी ठेवली, की झाले न्यायाधीश! काकू कळशी घेऊन ताटकळत. “अहो, साहेबांना उठवा, आंघोळीचं पाणी काढायचंय.” “निकाल लागू दे.” “लागला. तुम्ही हरलात,” म्हणत काकू पगडी उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवत.

अशा माणसाकडे मी भाषण शिकायला गेले. चौथीच्या बाईंनी प्रत्येकीला वर्गाला काहीतरी पटवून द्यायला सांगितलं होतं आणि आईवडलांनाही बोलावलं होतं. चौथी झाली की माझी शाळा बंद, असं वडिलांनी ठरवूनच टाकलेलं. त्यांच्यादेखत ‘मुलींनी सातवीपर्यंत शिकावं’ हे पटवायची याहून चांगली संधी कुठली? तेव्हा मी स्वतःला सरस्वतीची धाकटी बहीण समजत असे. सरस्वतीला मात्र याची कल्पना नसावी. काका म्हणाले, “आधी वडिलांचीच बाजू घे. त्यांनी मान डोलावली, की ‘पण’ म्हण.” मग आम्ही दोघं रोज घंगाळाला पटवत होतो.

त्या दिवशी मी परकर सावरून उभी राहिले. शिकलेल्या सुनेची भाकरी कशी करपते, ती सासूच्या बोलण्यात चुका कशा काढते, याची अशी नक्कल केली, की मुली खिदळल्या, आया तोंडाला पदर लावून हसल्या आणि घरात कधी न हसणारे आमचे वडील चक्क मान डोलवू लागले. टाळ्या पडल्या. भाषण संपलं की टाळ्या पडतात, एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे माझं संपलं असणार! वाकून नमस्कार केला आणि ऐटीत जागेवर जाऊन बसले. ‘पण’ आठवला, तेव्हा शेजारची मुलगी बोलायला उभी राहिली होती.

घरी येताना वडील म्हणाले, “छान बोललीस. तुझंच ऐकतो. दप्तर माळ्यावर टाक.”

मी काकांपुढे जाऊन रडले. काकांनी घंगाळावरची पगडी उचलली. ती डोक्यावर चढवून आमच्या ओट्यावर आले आणि वडिलांना म्हणाले, “पोरगी उद्या शब्द फिरवेल. मला वकील नेमा, तुमच्या बाजूनं बोलतो.” फुकटचा वकील कोण सोडतो? काकांनी रिवाजाप्रमाणे आधी समोरच्याची, म्हणजे माझी, बाजू घेतली. म्हणाले, “तुमच्या बहिणीला कुणी सातवीपर्यंत शिकवलं असतं, तर नवरा गेल्यावर ती मास्तरीण झाली असती. तुमच्या स्वयंपाकघरात मान खाली घालून बसली नसती.” आत माझी आत्या भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. काकांनी वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला आणि काका उठले.

“अहो, आणि माझी बाजू?” वडिलांनी विचारलं.

“राहिलीच की,” म्हणून काका चपला शोधू लागले.

सकाळी दप्तर माळ्यावरून उतरून खुंटीवर आलेलं होतं. ते काखोटीला मारून मी शाळा गाठली.

सातवी झाल्यावर मी पेढे घेऊन गेले. तोवर काकांकडे पक्षकार यायचे थांबले होते. घंगाळावरची पगडी मात्र जागच्या जागी होती. मी विचारलं, “काका, त्या दिवशी तुम्हीही ‘पण’ विसरलात ना?”

त्यांनी अर्धा पेढा माझ्या हातावर ठेवला.

“पोरी, जन्मभर खटले मी नकळत हरलो. तेवढा एकच ठरवून हरलो.”