खंडेनवमीची फ्लॉपी

आमच्या घरी कंप्युटर आला तो गोधडीत गुंडाळून, साताऱ्याच्या एस.टी.तून, माझ्या धाकट्या भावाच्या मांडीवर. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं ती. भाऊ साताऱ्यात एका कॉलेजच्या कंप्युटरच्या खोलीवर कामाला होता. तिथली जुनी मशिनं मोडीत निघाली, त्यातलं एक त्यानं दाजींसाठी मागून घेतलं.

दाजी म्हणजे आमचे मालक. माधवनगरला कापडगिरणीत मागांवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग चालू करून देणारे. गिरणी बंद पडली आणि हा माणूस कॉटवर आडवा झाला. दारू नाही, भांडण नाही, नुसतं भिंतीकडं तोंड. मी आठवण केली तर दाढी, मी ताट पुढं सरकवलं तर जेवण. भाऊ मला परड्यात नेऊन म्हणाला, "आक्का, दाजींच्या हाताला यंत्र पायजे. न्हाईतर माणूस असाच पडून पडून संपंल."

मशीन इतकं थकलेलं की विंडोज त्यावर चालायचं म्हणजे नुसतं रांगायचं. म्हणून भावानं विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची, एका मासिकाबरोबर आलेली सीडी आणली होती. पण त्या मशीनला सीडीवरून उठायचं ठाऊकच नव्हतं. त्याला आधी फ्लॉपी घालावी लागे. आता कुणाच्या घरात फ्लॉपी दिसत नाही, म्हणून सांगते. तळहातात मावेल अशी चौकोनी प्लॅस्टिकची डबी, तिला एका कडेला पत्र्याची सरकती झडप, आणि आत तपकिरी, पातळ चकती.

सगळं घालून झालं, मशीन बंद करून परत चालू केलं. काळ्या पडद्यावर इंग्रजी एल उमटला, मग आय उमटला, आणि तिथंच गप्प. चार अक्षरं यायची, मग पुढं जायचं असं होतं म्हणे. भावानं पुन्हा पुन्हा बंद-चालू केलं. तीच दोन अक्षरं.

कॉटवरून आवाज आला, "काय झालं?"

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. कितीतरी दिवसांनी आपणहून विचारलं होतं.

"आडकलं, दाजी."

"सूत घेऊन पळणारा धोटा मागात मधीच आडकतो, तसं?"

"तसंच बगा."

आणि आमचे मालक उठून खुर्चीवर येऊन बसले.

भावानं त्यांना समजावलं. मशीनच्या आतली डिस्क मोठी, मशीन म्हातारं. म्हाताऱ्याला डिस्कचा पुढचाच भाग दिसतो, आणि लिनक्सला उठवणारा तुकडा पार मागं जाऊन पडला होता. सगळं पुसून, पुढं थोडी जागा वेगळी राखून, परत घालायला हवं होतं. तेवढा वेळ त्याला नव्हता. त्यानं एक फ्लॉपी तयार केली. ती घातली की मशीन उठायचं. निघताना म्हणाला, "दसऱ्याला येतो, तवा नीट करू. तवर ही जपा, दाजी. ही हाय तर मशीन हाय."

ते दिवस बरे गेले. सकाळी दाढी करून हे मशीनपुढं बसायचे. फ्लॉपी आत घालायची, कान देऊन तिचा आवाज ऐकायचा, मग पडद्यावर पळणाऱ्या ओळी बघायच्या. मी एकदा म्हटलं, "आवं, माझ्याकडं बी कवातरी असं टक लावून बघायचं."

"तू कुठं मधी आडकतीस? सुरू झालीस की थांबतच न्हाईस."

मी चहा टाकायला आत गेले आणि आतच हसत राहिले.

खंडेनवमीला गिरणीत माग बंद ठेवून पुसायचे, पुजायचे. त्या पूजेत यांचा एक नेम होता. कुंकू वरच्या पत्र्याला लावायचं नाही. जे चालतं, त्याला लावायचं. आमच्या शिवणमशीनलासुद्धा ते झाकण काढून आतल्या चाकाला लावायचे. त्या सकाळी पाटावर त्यांचा जुना पाना, माझी कात्री, विळी आणि मधोमध ती फ्लॉपी मांडली होती. मी निरांजन घेऊन आले तेव्हा यांनी नखानं तिची झडप सरकवली होती आणि ओल्या बोटानं आतल्या चकतीला हळदकुंकू लावत होते. किती निगुतीनं लावलं. मी ओवाळलं.

दसऱ्याला भाऊ आला. सोनं दिलं, घेतलं. फ्लॉपी यांनीच आत घातली. खर्र, खर्र असा आवाज सुरू झाला तो थांबेना. पडद्यावर काहीच नाही. भावानं फ्लॉपी काढून झडप सरकवली. त्याच्या अंगठ्याला लाल लागलं. त्यानं सोबत आणलेली दुसरी घातली, तीही तशीच खरवडली. फ्लॉपी जिथं घालायची त्या ड्राइव्हच्या आतही कुंकू गेलं होतं. कापूस झाला, स्पिरिट झालं, उपयोग झाला नाही.

"दुसरा ड्राइव्ह आणतो की दिवाळीला," भाऊ म्हणाला. "काय न्हाई त्यात, दाजी."

हे त्याच्या अंगठ्याकडंच बघत होते. म्हणाले, "गिरणीत बी शेवटच्या नवमीला मीच लावलं हुतं. समद्या मागांना."

"त्याचा न् ह्याचा काय संबंध?"

हे उठून कॉटवर गेले आणि भिंतीकडं वळले.

दिवाळीत भावानं ड्राइव्ह बदलला. सगळं पुसून, पुढची जागा राखून, परत घातलं. चारही अक्षरं उमटली आणि मशीन फ्लॉपीवाचून उठलं. मी कॉटपाशी जाऊन म्हटलं, "आवं, उठलं बगा."

"आवाज कसा येतोय?"

"नीट येतोय."

"मग चालू दे. माझा हात नगो त्याला."

भाऊ वायर गुंडाळत बसला. गुंडाळलेली सोडून परत गुंडाळत बसला.

पुढं मीच त्यावर बसू लागले. एकेक अक्षर शोधून दाबायची. घरात काहीतरी चालू आहे एवढं त्यांच्या कानावर पडावं म्हणून. पुढच्या खंडेनवमीला मी मशीन पुसलं आणि वरच्या पत्र्याला कुंकू लावलं.

कॉटवरून आवाज आला, "तितं न्हाई लावत."

मी करंडा घेऊन त्यांच्यापुढं गेले. "मग तुमी लावा."

करंडा त्यांच्या हातापाशी धरला. त्यांनी हात चादरीखाली घेतले.