पाठीवरचं पाणी

माझी वहिनी पाठीवर पाण्याची भरलेली पिशवी असताना तहानेनं कोसळली. हे मी पत्रकात छापलं असतं तर वाचणाऱ्यानं ‘काहीही लिहिते’ म्हणून त्यात भजी बांधून दिली असती. पण मी तिथंच होते.

मी सांगलीत राहते आणि टँकरच्या पाण्याच्या प्रश्नावर पत्रकं काढते. घर जत तालुक्यात. तिथं वहिनी पळायला शिकली ती टँकरमागं. टँकर विहिरीवर जाऊन ओततो, आणि जी आधी पोचते तिचा हंडा आधी भरतो. काखेत रिकामा हंडा घेऊन ती सगळ्या आळीला मागं टाकायची. फौजेतल्या माझ्या भावानं एका सुट्टीत हे बघितलं आणि पुढच्या सुट्टीत तिच्यासाठी बूट आणले. त्याच्या पुढच्या सुट्टीत लांब पळणारे घालतात ते हायड्रेशन वेस्ट आणलं. बिनबाह्यांचं जाकीट, पाठीत पाण्याची पिशवी, खांद्यावरून छातीशी येणारी नळी. टोक दातात धरून ओढलं की पाणी.

मी भडकलेच. ज्या बाईनं जन्मभर डोक्यावरून पाणी वाहिलं, तिला आता पैसे मोजून पाठीवरून वाहायला लावायचं? अंगणात माझं भाषण सुरू झालं. वहिनीनं तोवर जाकीट चढवलं, पट्टे आवळले आणि दोन उड्या मारल्या.

“वन्सं, भाषण मागनं करा. आधी माझी मान बघा. मोकळी हाय! हात बी मोकळं!” मग जरा विचारात पडून म्हणाली, “पर पाणी डुचमळतंय. ह्यात पाला कुटं टाकायचा?”

हंडा हिंदकळू नये म्हणून आमच्याकडं वर लिंबाचा पाला टाकतात. मी पिशवी उलटी धरून नळीतून आतली हवा ओढून घेतली, पुन्हा पाठीवर दिली. ती पळून आली, आवाज नाही. “लय भारी डोकं चालवलंय गड्या कुणीतरी,” ती म्हणाली. माझं पत्रक तिथंच गारद झालं. वस्तू चांगली होती. बाईचं ओझं मानेवरून उतरवणाऱ्या वस्तूला नावं ठेवायला मी काही आंधळी नाही.

त्या वर्षी साताऱ्याच्या डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत आम्ही दोघी उतरलो. अर्ध्या वाटेवरच्या चढावर तिच्या पोटऱ्यांत गोळे आले, डोळे फिरले, ती बसली ती आडवीच झाली. शर्यतीच्या गाडीतल्या पोरांनी तिचं जाकीट काढलं. पिशवी गच्च भरलेली. घोटभरही कमी नाही.

“पाणी का नाही प्यायलं?” सगळे विचारत होते. ती गाडीत माझ्या कानाशी म्हणाली, “भरून घेतल्यालं पाणी वाटंत कसं प्यायचं, वन्सं?”

आमच्याकडं पाणी आणणारी बाई वाटेत पीत नाही. पाणी घरचं असतं. घरी आणायचं, सगळ्यांचं झालं की मग आपण. हे कुणी शिकवत नाही, हे अंगात मुरतं. गाड्या धुवायला पाणी आहे, लॉनवर उडवायला आहे, आणि हिच्या घशाला स्वतःच्या पाठीवरचं चालत नाही! संताप कुणावर करायचा तेच कळेना.

घरी आईनं एवढंच ऐकलं की सुनेला गाडीत घालून आणलं. “म्होरल्या वर्साला बी अशीच आली, तर बूट चुलीत,” आई म्हणाली. आई बोलते ते करते.

वर्षभर मी सुट्टीला आले की ज्वारीच्या रानातून आम्ही पळायचो आणि मी शेजारून ओरडायचे, “प्या!” ती औषधासारखा घोट घ्यायची. मी म्हणायचे, हे पाणी घरचं नाही, तुमचं आहे. तिला ते पटायचं, पण घशाला पटायचं नाही. शेवटी तिनंच तोड काढली. “आदी तुमी प्या. तुमी प्यालं की सगळ्यांचं झालं. मग मला चालतंय.” मग ती नळी उंच धरून दाबायची, माझ्या आ केलेल्या तोंडात चिळकांडी मारायची आणि मग स्वतः ओढायची. माझ्या पाठीवर माझी पिशवी भरलेली, आणि मी पाहुण्यासारखी हिच्या नळीखाली उभी! रस्त्यानं जाणारा एक मेंढरंवाला म्हणाला, “आवं ताई, वासराला पाजताय का काय?”

यंदा तसंच पाजत पाजत आम्ही शेवटच्या चढापर्यंत आलो आणि माझा गुडघा गेला. शर्यत पुरी करायला दिलेली वेळ संपत आली होती. मी म्हटलं, “वैनी, तुमी व्हा म्होरं.”

“आन पाणी?”

“प्यायचं.”

“एकटीनं?”

“बूट चुलीत जातील.”

ती गेली. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्या हाताकडं बघत होते. नळीकडं गेला नाही. लंगडत चढताना दर वळणाला मला वाटे, आता आडवी पडलेली दिसेल. चढ संपला. दिसली नाही.

मी पोचले तेव्हा माझी वेळ कधीच टळून गेली होती. ती कमानीपलीकडं पाय पसरून बसली होती, गळ्यात पदक. मी आधी तिच्या पाठीला हात लावला. पिशवी चपटी.

“कुणाला पाजलं आदी?”

“कुणालाच न्हाई.” मान खाली, मग एकदम हसली. “सगळं मीच प्याले. वळणामागं गेले आन तुमी दिसंनाशा झाल्या, तवा. लय ग्वाड लागलं वो.”

शर्यती जिंकणारे मी पुष्कळ पाहिलेत, टाळ्याही वाजवल्यात. पण त्या घोटाएवढं धाडस मी तरी केलेलं नाही.

घरी आई दारातच उभी होती. वहिनीच्या खांद्यावरचं जाकीट तिनं काढून घेतलं, हातात तोललं. “रिकामीच आलीस?”

“व्हय, आत्या.”

आई आत गेली. मला वाटलं, आता काही खरं नाही. ती तांब्या भरून घेऊन आली आणि वहिनीच्या हातात दिला. घशाला माझ्याही कोरड पडली होती. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.