बाबांनी पाणी कमी केलं तेव्हा

चुडाव्याच्या स्टेशनवर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. नऊ वर्षांपूर्वी तेवढ्या वेळात मला दोन बॅगा चढवायच्या होत्या, आईला मिठी मारायची होती आणि बाबांच्या पाया पडायचं होतं. पहिल्या दोन गोष्टी झाल्या आणि बाबांच्या पायांपर्यंत हात पोचायच्या आत गाडी हलली. बाबा रेल्वेत कीमन होते. रोज रुळाच्या कडेनं मैलोनमैल चालायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की हातोड्यानं ठोकून घट्ट बसवायच्या, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. चालत्या गाडीच्या दारात उभं राहायचं नाही, हे त्यांनी मला लहानपणापासून बजावलेलं. म्हणून मी आत जाऊन खिडकीशी बसले. ते खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "तिकडं लोकांचे मायबाप तुझ्या हवाली होनारेत. नीट बघ त्यांना."

आई पदरानं डोळे पुसत मागेच उभी राहिली होती.

नांदेड, हैदराबाद, मग दोन विमानं आणि शेवटी आयर्लंडमधलं एक लहान गाव. तिथल्या वृद्धांच्या केअर होममध्ये मी नर्स म्हणून लागले. पहिलं वर्ष नुसतं ऐकण्यात गेलं, कारण त्यांचं इंग्रजी मला कळायचं नाही आणि माझं त्यांना. काम मात्र लवकर कळलं. फरशी ओली राहता कामा नये, चप्पल मागून बंद हवी, पलंगाची उंची अमुक हवी, कोण किती जेवलं आणि कोण किती पाणी प्यालं याचा रोजचा चार्ट हवा. माझ्या वाट्याला चौदा रेसिडेंट, म्हणजे तिथे राहणारी म्हातारी माणसं, होती. चौदा जणांनी दिवसभरात किती मिलीलीटर पाणी प्यायलं हे मी झोपेतून उठवलं तरी सांगू शकले असते.

चार वर्षांनी आई गेली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. बाबांना कायमचं इकडे आणावं म्हणून मी आणि माझ्या मिस्टरांनी कागदपत्रांच्या मागे लागून पाहिलं, पण आईवडिलांना आणणं फार अवघड. आणि खरं सांगायचं तर बाबांनाही यायचं नव्हतं. मी एकुलती एक. भाऊ असता तर, असं नातेवाइकांपैकी कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण ते मला ऐकू यायचं.

म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत मी आमचं चुडाव्याचं घर 'सेफ' करून टाकलं. न्हाणीत रबरी मॅट टाकली, भिंतीला धरायला स्टीलचे दांडे बसवले, वारांची नावं लिहिलेला गोळ्यांचा डबा आणला. बाबांच्या पलंगासमोर कॅमेरा लावला, तो माझ्या मोबाइलला जोडला. शेजारच्या गयाबाई हे सगळं बघून गेल्या. त्या आईच्या मैत्रीण, साठीच्या, शेतात अजून स्वतः खुरपणारी बाई. म्हणाल्या, "लय केलंस पोरी." मला माझाच अभिमान वाटला. माझ्यासारखे जे बाहेर आहेत त्यांना हा अभिमान ओळखीचा असेल. वस्तू लावून झाल्या की आपण निर्धास्त विमानात बसतो.

त्यानंतर मी ब्रेकमध्ये मोबाइल उघडायचे आणि बाबा पलंगावर दिसायचे. गोळी घेताना दिसायचे. हळूहळू ते जास्तच वेळ पलंगावर दिसायला लागले. दर पौर्णिमेला विहारात वंदनेला जाणारा माणूस जायचा बंद झाला. मी विचारलं तर म्हणाले, "ऊन लय हाय." थंडीत विचारलं तर म्हणाले, "थंडी लय हाय." मी दोन्ही मान्य केलं.

गेल्या वर्षी मे महिन्यात, माझी सकाळची शिफ्ट चालू असताना गयाबाईंचा फोन आला. त्या कधी फोन करत नाहीत. बाबा दुपारी दारातून उतरताना पायरीवर कोसळले होते. भुवईवर खोक पडली होती, मनगट मोडलं होतं आणि ते काहीतरी असंबद्ध बोलत होते. गयाबाईंच्या मुलानं त्यांना पूर्णेच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून परभणीला पाठवलं. संध्याकाळी परभणीच्या डॉक्टरीणबाई फोनवर आल्या. तरुण आवाज होता, पण शांत. "काकांच्या अंगात पाणीच नाहीये," त्या म्हणाल्या. "लघवीचं इन्फेक्शन आहे, किडनीवर ताण आलाय. रोज किती पाणी पितात?"

बाबांचा चार्ट माझ्याकडे नव्हता.

चौथ्या दिवशी मी पोचले. बाबा शुद्धीवर होते, हाताला प्लॅस्टर. मला बघून म्हणाले, "उगंच सुट्टी घालवलीस, माय." आठवड्यानं त्यांना घरी आणलं आणि मी नर्स झाले. भिंतीला कागद चिकटवला, त्यावर वेळा लिहिल्या, प्रत्येक वेळेपुढे चौकोन. पाणी प्यायलं की खूण करायची. बाबा शिस्तीचे. प्लॅस्टर नसलेल्या हातानं ते सगळे चौकोन नीट भरत होते आणि तरीही त्यांची जीभ कोरडी, लघवी गडद. मला काही केल्या हिशोब लागेना.

तो गयाबाईंनी सोडवला. सकाळी भाकरी घेऊन आल्या आणि खिडकीबाहेरच्या कुंडीकडे बघून हळूच म्हणाल्या, "मोगरा बघ कसा फुललाय."

मी बाहेर जाऊन बघितलं. वैशाखाच्या उन्हात कुंडीतली माती चिखल झालेली होती.

मी चिडले, आत जाणार होते. गयाबाईंनी माझा हात धरून मला त्यांच्या घरी नेलं, बाजेवर बसवलं. "भाऊनं मला बोलू नको म्हणून शपथ घातलेली," त्या म्हणाल्या. बाबांना त्या भाऊ म्हणतात. "पर आता न्हाई गप बसवत. मागच्या साली माझ्या भाचीच्या लग्नाला आमी जिंतूरला गेलतो. भाऊ बी आलते. येताना एस्टी खच्चून भरलेली. भाऊला लघवी लागली. डरायव्हरला थांब म्हनले, त्यानं ऐकलं न्हाई. मग न्हाई निभावलं त्यांच्यानं. पायजमा ओला झाला. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला न् उठून उभी राहिली."

"मग?"

"मग काय. बोरीला उतरले. मला म्हनले, तू जा म्होरं. एकलेच स्टॉपवर बसले, वाळंस्तवर. तवापून कुठं जाईनात न् पानी बी पिईनात. पानीच न्हाई पिलं तर लागनारच न्हाई, असं म्हनत्यात. मला वाटलं, तू डागदरनीसारखी हायस, तुला ठाव असंल."

आमचा संडास मागच्या अंगणाच्या टोकाला आहे. खोलीतून दोन पायऱ्या उतरायच्या, मग वीस-पंचवीस पावलं. मी न्हाणीत दांडे लावले होते. संडासापर्यंतच्या वाटेचा विचार मी केला नव्हता, कारण कॅमेऱ्यात ती वाट दिसत नव्हती.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर मी आणि बाबा ओट्यावर बसलो. कसं काढावं हे मला सुचत नव्हतं, म्हणून सरळच बोलले.

"बाबा, जिंतूरच्या एस्टीतलं मला कळलंय."

त्यांनी प्लॅस्टरकडे बघितलं. मग म्हणाले, "गयाबाईनं सांगितलं."

"तुमी सांगायला पायजे होतं. मी नर्स हाय, बाबा."

"लोकांची नर्स हायस. माझी लेक हायस."

"तिकडं मी रोज म्हाताऱ्या मानसांना संडासला नेते. त्यांचे कपडे बदलते. मला काईच वाटत न्हाई."

"तुला न्हाई वाटत," बाबा म्हणाले. "त्यांना?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये कुणी विचारला नव्हता आणि मीही कुणाला विचारला नव्हता.

"तुझी आई असती तर तिला सांगितलं असतं," ते म्हणाले. "तिच्यासमोर लाज न्हवती. तू फोनवर इचारायचीस, तवा मागं तुझी पोरगी खेळायलेली दिसायची, जावई दिसायचे. त्यात हे कुठं सांगू?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ इतकी हडकुळी झाली होती की बोटांना मणके लागले. ते रडले नाहीत. मी रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी परभणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी त्यांची तपासणी करून प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याचं सांगितलं, पुरुष डॉक्टरांकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. या वयात हे बहुतेकांना होतं, हे त्या डॉक्टरांनी बाबांना इतक्या सहज सांगितलं की बाबांची मान जरा वर झाली. दिवसभर भरपूर पाणी, सहानंतर थोडं थोडं, असं ठरलं. मी रजा वाढवली आणि गवंडी बोलावला. खोलीची मागची भिंत फोडून दार काढलं आणि लागूनच संडास बांधला. मध्ये पायरी नाही, बसायला उंच कमोड, दोन्ही बाजूंना दांडे. बाबा खुर्ची टाकून बसायचे. फरशीचा उतार एका कोपऱ्यात चुकला होता, तो गवंड्याच्या आधी त्यांना दिसला. रुळाची पातळी बघण्यात आयुष्य गेलेली नजर होती ती.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "तो कॅमेरा तेवढा काढ."

मी वाद घातला. तुम्ही पडलात तर मला कळणार कसं, असं विचारलं.

"कळून काय करनार तू?" ते म्हणाले, आवाज न चढवता. "मी पडायलेलो तिथून बघशील, एवढंच."

मी स्टूल घेऊन कॅमेरा काढला. त्याऐवजी मोठ्या बटणांचा फोन घेतला, तो ते दोरीनं गळ्यात अडकवतात. गयाबाई सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला येतात, दोघं ओट्यावर चहा पितात आणि चहाआधी एक-एक पेला पाणी. तब्येत बघायला येते असं त्या म्हणत नाहीत, गप्पा मारायला येते म्हणतात. दोघांना खरं काय ते माहीत आहे.

परत आल्यावर पहिल्या शिफ्टला मी मायकलच्या खोलीत गेले. पंच्याऐंशी वर्षांचा हा जुना शेतकरी कित्येक महिने कप बाजूला सारायचा आणि मी त्याच्या चार्टवर 'नकार' असं लिहून पुढच्या खोलीत जायचे. त्या दिवशी मी दार लावलं, चार्ट खाली ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. हळू आवाजात विचारलं, बाथरूमला न्यायला आम्ही मुली येतो याचा तुला त्रास होतो का? तो खिडकीकडे बघत म्हणाला, माझ्या बायकोनंसुद्धा मला असं कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर त्याच्यासाठी पुरुष सहायक ठरवला, पलंगाशेजारी पडदा लावून लघवीची सोय केली. आठवड्याभरात तो कप रिकामे करायला लागला. हे मी बाबांना सांगितलं. आता ते दर फोनला विचारतात, "तुझा तो म्हातारा पानी प्यायलाय का?"

तुमच्यापैकी जे गावाकडे मागे राहिलात त्यांना मला एवढंच म्हणायचं आहे, की आम्हाला काळजी नको म्हणून तुम्ही जे लपवता, त्याचीच आम्हाला जास्त काळजी वाटते. आणि माझ्यासारखे जे निघून आले त्यांना म्हणते, फोनवर जेवण झालं का विचारतो तसं अवघडही काही विचारा, आणि विचारताना खोलीत एकटे असा. मी हे शिकायला फार उशीर केला. बाबांच्या भुवईवर त्याची खूण राहिली आहे.

इतकी वर्षं कुणी घर कुठे म्हटलं की मी चुडावा सांगायचे आणि आत कुठेतरी खोटं बोलल्यासारखं वाटायचं. तिथलं मला काय माहीत होतं? कुणाचं लग्न, कुणाची बदली, सोयाबीन कसं आहे. घरातलं खरं कुणी सांगत नव्हतं, तर ते माझं घर कसलं?

गेल्या रविवारी माझ्या चहाच्या सुट्टीत फोन वाजला. बाबांनी स्वतः लावलेला.

"सकाळी जरा चक्कर आली," ते म्हणाले. "लगीच खाली बसलो. पडलो न्हाई. गयाबाईला हाक मारली, ती हायच इथं. नवीन गोळीमुळं असंल का गं?"

मी हातातला कप खाली ठेवला. आणि त्याच क्षणी, खूप वर्षांनी, मला घरी असल्यासारखं वाटलं. मी शेजारच्या रिकाम्या खोलीत गेले, दार लावलं आणि एक-एक विचारत गेले. उठताना आली की चालताना, काय खाल्लं होतं, किती पाणी झालं, लघवीला जळजळ आहे का. त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, कशालाही अडखळले नाहीत. मी गोळीचं डॉक्टरांना विचारून कळवते म्हटलं.

"बरं," बाबा म्हणाले. "आनखी काय इचारायचं असंल तर इचार. मी बसलोय."