काळापुरतं

सनपीट खोऱ्यातल्या आमच्या गावात, आमच्या चर्चच्या नियमाने, विधवा बाईला पुन्हा लग्न करता येतं, पण ते काळापुरतं असतं. पहिल्या नवऱ्याशी चर्चच्या मंदिरात बांधलेली गाठ अनंतकाळाची, मेल्यावरही टिकणारी. दुसऱ्याशी बांधलेली मरेपर्यंतची. त्यानंतर ज्याचं माणूस त्याला परत. यात आमच्याकडे कुणालाच काही विचित्र वाटत नाही. लारू सोरेनसेनला वाटायला लागलं, ते कादंबऱ्यांमुळे.

गावचं वाचनालय माझ्याकडे आहे. लारू तिथे देणगीतल्या कादंबऱ्या वाचून बघते आणि सोज्वळ निघालेल्यांच्या पाठीवर हिरवी चिठ्ठी लावते. चुंबन चालतं, शक्यतो शेवटच्या प्रकरणात. बटणं सुटलेली चालत नाहीत. तिच्या आवडत्या कादंबऱ्यांत आजची एक बाई, बहुधा दंतवैद्याकडे कामाला असलेली, एखाद्या जुन्या गिरणीचं दार उघडते आणि थेट बैलगाड्यांच्या काळात जाऊन पडते. तिथे एक अबोल घोडेवाला असतो. शेवटी तिला ठरवावं लागतं, परतायचं की राहायचं. ती राहते. दात दुखला तर काय, हा प्रश्न दंतवैद्याकडची असूनही तिला पडत नाही.

लोकांना वाटतं, बायका हे घोडेवाल्यासाठी वाचतात. लारूचं म्हणणं वेगळं. "सोज्वळ कादंबरीत त्या दोघांना बोलत बसावं लागतं," ती मला म्हणाली होती. "दुसरं काही करायची परवानगीच नसते. मग तो नाइलाजाने विचारतो, बाई गं, तुला हवंय तरी काय?"

मे महिन्यात डेल ओस्टरगार्ड तिच्या कुंपणाशी आला. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावणारा, बायको गेलेला, हातात कायम फावडं. चर्चमधल्या प्रत्येक बाईला आमच्याकडे सिस्टर म्हणतात.

"सिस्टर सोरेनसेन, मुलगी सेंट जॉर्जला राहायला बोलावतेय. शनिवारी घर विकायची पाटी लागेल. तुम्ही हो म्हणालात तर नाही लागणार."

"हो कशाला?"

"लग्नाला. काळापुरतं, अर्थात. वर माझी नॉर्मा आहेच. तुमचे एल्डनही आहेत."

"आहेत," लारू म्हणाली. तिचा नवरा एल्डन जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्यानंतर तिला एका जागी बसवेना. तिने पडदे काढून धुतले, ओलेच परत लावले. गाडी काढून मँटायच्या मंदिरापर्यंत गेली आणि न उतरता परत आली. एका चावट कादंबरीला हिरवी चिठ्ठी लावली. ती नंतर मला खरवडून काढावी लागली.

गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये बायकांचं वाचनमंडळ होतं. पुस्तक लारूनेच निवडलेलं, गिरणीच्या दाराचंच एक; त्यातल्या घोडेवाल्याचं नाव सायलस. गाजर घातलेली जेली फिरली आणि व्हर्डा यॉर्गनसेनने हात वर केला.

"पण ही बाई कुणाची?"

"म्हणजे?"

"सायलसची पहिली बायको वर आहे. हिचा ठरलेला नवरा इकडे आपल्या काळात वाट बघतोय. मंदिरात कुणाला कुणाशी बांधायचं? वर गेल्यावर ही जेवायला बसणार कुणाकडे?"

"अगं, सायलस मेथडिस्ट आहे, आपल्या चर्चचा नाही," कुणीतरी म्हणालं.

"मग काय झालं? मेलाय ना आता? मेलेल्यांच्या नावाने आपण बाप्तिस्मा घेतोच, त्याच्याही घेऊ की. फक्त त्याची जन्मतारीख शोधायला हवी."

"व्हर्डा, तो जन्मलाच नाहीये."

व्हर्डा विचारात पडली. घराण्यांच्या वंशावळी लावण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नाही, पण ही अडचण तिला प्रथमच येत होती.

"तुम्ही तिला वाटून घेताय!" लारू एकदम उभी राहिली. "याची की त्याची, याची की त्याची. तिला विचारा ना कुणीतरी!" आणि जेली तशीच टाकून ती निघून गेली.

पुढचं तिनेच मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटावर गेली. डेल पाणी सोडायची झडप वर उचलत होता.

"डेल, तुम्ही लग्नाचं विचारलंत आणि सुरुवात नॉर्मापासून केलीत."

"चूक झाली का?"

"मी कुठे होते त्यात?"

डेलने फावडं चिखलात रोवलं, उपटलं, पुन्हा रोवलं. "मला वाटलं, तुम्ही एल्डनचं नाव काढाल. त्याआधी मीच काढलं. तुम्हाला शेवटी परत द्यायचंय, हे आधीच बोलून टाकलं की पुढे त्रास कमी, असा हिशेब होता."

"झाला कमी?"

"नाही. त्या दिवसापासून जेवण जात नाहीये." तो पाण्याकडे बघत म्हणाला, "सिस्टर सोरेनसेन... लारू. तुम्हाला काय हवंय?"

घरातली शांतता नकोय, एवढं तिला माहीत होतं. सेंट जॉर्ज नकोय. हा माणूस तिकडे गेला तर पडदे किती वेळा धुणार?

"पाटी लावू नका," ती म्हणाली. "वरचं वर बघू. मला तुम्ही इथे हवे आहात."

पाणी केव्हाच झडपेखालून निघून खालच्या शेतात शिरलं होतं, आणि तिथून आयव्हन यॉर्गनसेन ओरडत होता की त्याच्या बटाट्यांना पोहता येत नाही. डेल फावडं घेऊन धावला. लारू थोडा वेळ काठावर येरझाऱ्या घालत राहिली, मग बूट हातात घेऊन तीही चिखलात उतरली.