पोत्यावरची तालीम

राहीबाईचा नवरा नाथाजी फौजेत, दवाखान्याच्या पथकात होता. पंच्याहत्तर साली तो रजेवर रहिमतपूरजवळच्या आपल्या गावी आला आणि बंद पडलेलं काळीज छाती दाबून कसं चालवायचं, हे कोंड्याचं पोतं पुढ्यात घेऊन गावाला शिकवायला लागला. "काळीज थांबलं म्हंजी मानूस लगेच गेला असं न्हाई. चार-पाच मिंटं आपल्या हातात असत्यात," तो सांगे. माणसं जमायची ती हसायला. सगळ्यात मोठ्यानं त्याचे वडीलच हसत. "लढायला धाडला, आन् पोती मळायला शिकून आला!" आकारामतात्या म्हणत.

गडी शिकेनात, तेव्हा त्यानं बायकोलाच धरलं. दार लावून, त्याच पोत्यावर. दोन फुंका, पंधरा दाबा. राहीबाईला हसू आवरत नसे, आणि नाकात कोंडा जाऊन शिंका यायच्या त्या निराळ्याच.

नाथाजी पलटणीत परतला. पंधरवड्यानं मळ्यातल्या विहिरीवर मोटारीचा पाइप साफ करताना तात्यांचा पाय घसरला. ज्ञानू गड्यानं बुडी मारून त्यांना वर काढलं, तोवर श्वास थांबला होता, नाडीही लागत नव्हती.

"कुंभाराचं चाक आना!" कुणीतरी ओरडलं. बुडालेल्याला चाकावर पालथं घालून गरगरा फिरवलं की पाणी निघतं, ही गावाची विद्या. निम्मे चाकाकडं पळाले, उरलेले रडायला बसले.

राहीबाई गर्दीतून पुढं सरली. चाक येईस्तोवर म्हातारा हाती लागायचा नाही. पण हे मामंजी! बारा वर्षं त्यांच्याशी बोलणं ते दाराआडून. आता तोंडाला तोंड?

"ज्ञानूभावजी, तुमी फुंका की."

"मी? त्यांच्या तोंडात तंबाकू हाय!"

"मग सरका!"

तिनं बोटानं तंबाखू काढली, नाक चिमटीत धरलं आणि फुंकलं. मग दोन्ही हातांनी छाती दाबायला लागली.

"अगं, म्हाताऱ्याला चेंगारतीस व्हय!" सासू साळूबाई किंचाळली. राहीबाई मोजतच राहिली. पाचव्या फेरीला तात्या भडाभडा पाणी ओकले आणि खोकले.

तेवढ्यात चाक आलं. "आनलंच हाय तर दोन फेरं घिऊ की," जोतिबा कुंभार हिरमुसून म्हणाला.

कोरेगावच्या दवाखान्यात चार दिवस काढून तात्या घरी आले. ओसरीवर टेकले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सुनेला नावानं हाक मारली.

"राहे, भाईर ये पोरी. हितं बस, माज्याजवळ."

राहीबाईला बसवेना. उभ्या उभ्याच ती ढसाढसा रडली.